हा आरडाओरडा नाही, ही रचना आहे

अमेरिकन गायिका आणि रचनाकार मेरेडिथ मंक यांचं ध्वनिमुद्रण रागसंगीतात मुरलेल्या कुणाला ऐकवलं, की तीन आक्षेप ठरल्यासारखे येतात. पहिला असा की हे गाणं नव्हे, गळ्यातून काढलेले आवाज आहेत. दुसरा असा की यात रचना नाही. सुचेल ते गायचं आणि त्याला प्रयोग म्हणायचं. तिसरा जरा सभ्य असतो. त्यात काही असेलही, पण ते या बाईंच्या गळ्यापुरतं. त्या थांबल्या की सगळं संपलं. मला हे तिन्ही आक्षेप खोडून काढायचे आहेत. मंक यांना माझ्या वकिलीची गरज नाही. गरज आपल्याला आहे, कारण हे आक्षेप ज्या कसोट्यांवर उभे आहेत त्याच कसोट्या प्रामाणिकपणे लावल्या, तर आपल्या स्वतःच्या संगीताचा मोठा भाग बाद होईल. आणि साठ वर्षांचं एक सलग, शिस्तबद्ध काम न ऐकताच आपण निकालात काढू.

आधी पहिला आक्षेप घेऊ. त्याच्या मुळाशी समजूत अशी, की ज्यांना गाता येत नाही त्यांनी चीत्काराला कला ठरवलं. मंक यांच्याबाबत ही समजूत टिकत नाही. त्यांचा जन्म 1942 सालचा, न्यूयॉर्कचा. घरात गाणं पिढ्यानपिढ्यांचं होतं. पणजोबा रशियात सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात, आजोबा खर्जाच्या आवाजाचे गायक, आई रेडिओवर गाणारी. लहानपणी दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमा एकत्र जुळत नसल्यामुळे या मुलीच्या हालचाली अडखळत. म्हणून तिला डालक्रोझ पद्धतीच्या वर्गात घातलं गेलं, जिथे लय आणि सूर अंगाच्या हालचालीतून शिकवतात. पुढे सारा लॉरेन्स कॉलेजात गायन, नृत्य आणि नाट्य यांचं शिक्षण एकत्र घेऊन त्या 1964 साली बाहेर पडल्या. युरोपीय पद्धतीचं गाणं त्यांना येत होतं, सुमारे तीन सप्तकांचा गळा होता आणि रूढ वाटेने जाण्याची सगळी तयारी होती. ती वाट त्यांनी सोडली ती जमेना म्हणून नव्हे. त्यांना दुसरं काही हवं होतं.

काय हवं होतं, हे 1965 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं. पियानोवर बसून गळा तापवत असताना त्यांना जाणवलं, की पाठीचा कणा वाकतो, वळतो, झेपावतो तसा आवाजही वळू शकतो. नर्तक जसा स्वतःच्या शरीरातून स्वतःची चाल शोधतो, तशी गायकाला स्वतःच्या गळ्यातून स्वतःची भाषा शोधता येईल. एकाच गळ्यात म्हातारी आहे, पोर आहे, पुरुष आहे, पक्षी आहे, आणि हे सगळे आवाज साधनेने हाताशी आणता येतात. तेव्हापासून आजतागायत त्या हेच करत आल्या आहेत. कंठाचा झटका देऊन स्वर मोडणं, एका क्षणात खालच्या आवाजातून वरच्या आवाजात उडी घेणं, नाकातून अगदी बारीक सरळ स्वर लावणं, श्वास आत ओढतानाही गाणं, हसण्याच्या अलीकडे थांबणारी कंपनं काढणं, यांतलं काहीही अपघाताने होत नाही. ते रोज घासावं लागतं, आणि प्रयोगात त्या त्या जागी, त्या त्या मात्रेवर, त्याच रंगात यावं लागतं. गमक आणि खटका यांतला फरक ज्याला कळतो, त्याला यामागच्या मेहनतीची कल्पना सहज यावी.

‘शब्द नाहीत, म्हणजे अर्थ नाही’ ही याच आक्षेपाची दुसरी बाजू. तराण्याला दाद देणाऱ्याने, नोमतोममध्ये तासभर रमणाऱ्याने असं म्हणावं, याचं मला दुःख होतं. शब्दांशिवाय स्वर सांगू शकतो हे जगाला पटवून देण्याची पाळी आली, तर सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच परंपरेने दिला आहे. शिवाय मंक शब्द पूर्णपणे टाळतात हेही खरं नाही. ‘एज्युकेशन ऑफ द गर्लचाइल्ड’ या 1972-73 च्या नाट्यकृतीत ‘द टेल’ नावाचं गाणं आहे. त्यात एक वृद्ध स्त्री आपल्याजवळ अजून काय काय शिल्लक आहे याची यादी सांगते, आणि मध्येच तिचं हसू गळ्यातून निसटतं. शब्द मोजके आहेत, साधे आहेत आणि आयुष्यभर पुरणारे आहेत. याच कृतीच्या एकल भागात पांढऱ्या कापडाच्या वाटेवरून मंक म्हातारपणाकडून तारुण्याकडे, उलट्या दिशेने चालत येतात. वय उतरत जातं तसा आवाज बदलतो. हा बदल संवादात लिहिला असता तर आपल्याला तो नुसता समजला असता. इथे तो कानांवर घडतो. आवाज हे इथे विचार करण्याचं साधन आहे.

आता दुसरा आक्षेप : रचना नाही, आयत्या वेळचं आहे. यात तर वस्तुस्थितीच उलटी आहे. मंक यांच्या कृती बांधलेल्या असतात. शोध घेताना त्या मोकळेपणाने गातात. पण कृती एकदा घडली की तिचा आराखडा पक्का होतो आणि गायकाला मिळणारी मोकळीक त्या आराखड्याच्या आत असते. 1981 साली ईसीएम कंपनीने काढलेल्या तबकडीवरचं ‘डॉल्मेन म्युझिक’ ऐका. फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातल्या प्राचीन शिळांवरून ते सुचलं. तीन स्त्रिया, तीन पुरुष, सोबत चेलो आणि थोडं तालवाद्य. सुमारे 24 मिनिटांची कृती. तिचे भाग स्पष्ट वेगळे आहेत. स्त्रियांचे बारीक, उंच आवाज आणि पुरुषांच्या मंडळाचा जड, खालचा आवाज यांची बैठक आधी मांडली जाते. मग लहान स्वराकृती एकमेकींवर चढतात, पावसासारख्या सुट्या पडतात, एका अंगाईपाशी विसावतात, आणि तिथून हाका उठून शेवटाकडे जातात. सहा जणांचं इतकं नेमकं गुंफणं आयत्या वेळी होत नाही. ज्यांना ख्यालातली बढत कळते, त्यांनी ही बढत एकदा नीट बसून तपासावी. तिचे नियम वेगळे आहेत, पण नियम आहेत.

‘फेसिंग नॉर्थ’ या 1990 च्या कृतीतला ‘हॉकेट’ हा भाग आणखी स्पष्ट दाखला आहे. मंक आणि रॉबर्ट ईन हे दोन गायक समोरासमोर येतात आणि एकच सुरावट दोघांत वाटून घेतात. एक स्वर तिचा, पुढचा त्याचा, मग पुन्हा तिचा. वेग वाढतो, आणि ऐकणाऱ्याला एकच धून दोन शरीरांतून ये-जा करताना ऐकू येते. एक जण किंचित चुकला, तर सगळी धून फाटते. ही युक्ती मंक यांनी हवेतून काढलेली नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युरोपीय संगीतात हॉकेट ही सर्वमान्य रचनापद्धती होती. ज्यांना ‘परंपरा मोडणारी बाई’ म्हटलं जातं, त्या आपल्या परंपरेच्या सहाशे वर्षं खालच्या थरातून हत्यार उचलतात आणि ते आजच्या गळ्यात बसवतात. परंपरेचं अज्ञान असलेल्याला हे साधत नाही.

‘पण त्यांनी ते लिहून कुठे ठेवलं?’ हा दुसऱ्या आक्षेपाचा शेवटचा आधार. बरीच वर्षं मंक यांनी आपल्या गायकांना रचना तोंडीच शिकवल्या हे खरं आहे. 1978 साली त्यांनी आपलं गायकवृंद उभं केलं. तिथे माणूस समोर बसवून, त्याच्या गळ्याचा कल पाहून, गाऊन दाखवून काम चालायचं. श्वासाची जागा, स्वराचा रंग, झटक्याचा भार कागदावर उतरत नाही, ही त्यांची अडचण होती. ही अडचण आपल्याला अपरिचित आहे का? सदारंगांच्या बंदिशी अठराव्या शतकात बांधल्या गेल्या आणि पिढ्यानपिढ्या मुखोद्गत राहिल्या. भातखंड्यांनी त्यांतल्या कितीतरी क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या, त्या विसाव्या शतकात. मधल्या काळात त्या रचना नव्हत्या का? आणि छापल्यानंतरही, पुस्तकातली बंदीश समोर ठेवून कुणाला ती घराण्याच्या अंगाने गाता येते का? कागदावर नाही म्हणून रचना नाही, हे वाक्य निदान हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. रचना आहे की नाही हे ठरवणारी कसोटी दुसरी आहे. कृतीला ओळखता येईल असा आकार आहे का? ती पुन्हा गाता येते का? गाताना चूक झाली तर ती चूक म्हणून ऐकू येते का? मंक यांच्या कृती तिन्ही प्रश्नांना होकार देतात. आणि कागदाचाच आग्रह असेल, तर 2000 सालापासून त्यांच्या रचना बूझी अँड हॉक्स ही जुनी संगीतप्रकाशन संस्था छापते आहे.

इथून आपण तिसऱ्या आक्षेपाशी येतो. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. ज्या रचना एका विशिष्ट गळ्यातून जन्मल्या, त्या गळ्यावाचून जगतील का? ‘गॉथम ललबाय’ हे मंक यांचं पियानोसोबतचं एकल गाणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं, की काहीतरी हरवतं हे नाकारण्यात अर्थ नाही. मंक यांच्या आवाजातला तो कोवळा, जवळजवळ वयहीन पोत दुसऱ्या गळ्यात येत नाही. पण हरवतं म्हणजे संपतं असं नाही. आइसलंडच्या गायिका ब्यर्क यांनी हेच गाणं तंतुवाद्यांच्या चौकडीसोबत गायलं, तेव्हा ते वेगळं झालं आणि तरी तेच राहिलं. मूळ आकार ओळखू आला, रंग नवा होता. प्रत्येक थोर गायकाच्या बंदिशीचं पुढच्या पिढीत हेच होतं, आणि त्यालाच आपण परंपरा म्हणतो.

याहून मोठी परीक्षा ‘ॲटलस’ या ऑपेराने दिली. 1991 साली ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने तो रंगमंचावर आणला. तिबेटपर्यंत पोचलेल्या अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या प्रवासिनीच्या आयुष्यावरून तो सुचला होता. नायिकेच्या बालपणाला, प्रौढपणाला आणि वृद्धत्वाला तीन वेगळे गळे होते, आणि जवळजवळ सगळी कथा शब्दांवाचून पुढे जात होती. त्यातल्या गाण्याचा मोठा भाग तालमींत, गायकांच्या गळ्यांशी झटत घडला होता. म्हणजे ‘मंक यांच्यावाचून अशक्य’ असं ज्याबद्दल खात्रीने म्हणता आलं असतं, तीच ही कृती. 2019 साली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने ती वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमध्ये पुन्हा उभी केली. दिग्दर्शक होते युव्हाल शॅरॉन, गायक नवे होते, आणि मंक स्वतः रंगमंचावर नव्हत्या. ऑपेरा उभा राहिला. पुढच्याच वर्षी ‘बँग ऑन अ कॅन’ या संस्थेच्या वादकांनी मंक यांच्या रचना ‘मेमरी गेम’ या संग्रहात वाजवल्या. ‘पांडा चँट’ तर शाळा-कॉलेजांच्या वृंदांपासून व्यावसायिक गायकवृंदांपर्यंत कितीतरी ठिकाणी, पाय आपटत, टाळ्या वाजवत, आनंदाने गायलं जातं. एका गळ्यापुरत्या कलेचा हा इतिहास असू शकत नाही.

आता मला मंक यांच्या चाहत्यांशीही भांडायचं आहे, कारण त्यांच्या कौतुकातून होणारी हानी विरोधकांच्या टीकेइतकीच मोठी आहे. आपल्याकडचे काही स्नेही म्हणतात, ‘अहो, हे तर आपल्या आलापासारखंच आहे.’ नाही, तसं नाही. आलापाला रागाचा आधार आहे. वादी-संवादी, चलन, न्यास यांच्या चौकटीत एकेक स्वर उलगडतो, आणि तो उलगडणारा सहसा एकटा असतो. मंक यांच्याकडे राग नाही. त्यांचं बांधकाम लहान स्वराकृतींच्या पुनरावृत्तीतून, एका आवाजावर दुसरा आवाज चढवण्यातून, गळ्याचा रंग बदलण्यातून होतं. अनेक आवाज एकाच वेळी आपापल्या वाटेने चालतात, ही गोष्ट रागसंगीतात जवळजवळ नाहीच. शब्दावाचून गाण्याची सवय आपल्या कानांना आहे, इतकंच साम्य. त्या सवयीमुळे दार लवकर उघडतं. आत गेल्यावर मात्र तिथलं घर त्यांचंच आहे हे मानावं लागतं. त्यांच्या एका कृतीचं नाव ‘इंद्राज नेट’ आहे. 2023 साली हॉलंड महोत्सवात आणि 2024 साली न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीत ती झाली. इंद्राच्या रत्नजाळ्याची प्राचीन कल्पना त्यांनी घेतली, कारण एकेका आवाजात बाकीचे सगळे आवाज उमटावेत हा त्यांचा जुना ध्यास त्या कल्पनेत बसतो. कल्पना घेतली, सुरावट घेतली नाही. म्हणून ‘शेवटी आल्या ना आपल्याकडे’ म्हणून समाधान मानणं जितकं उथळ, तितकंच त्यांच्यावर उचलेगिरीचा ठपका ठेवणंही उथळ.

दुसरं हानिकारक कौतुक ‘वैश्विक’ या विशेषणाचं. शब्द नाहीत म्हणून हे संगीत साऱ्या मानवजातीचं, देशकाळाच्या पलीकडचं, असं लिहिलं जातं. या कौतुकातूनच विरोधकांना एक धारदार प्रश्न मिळतो. सगळ्यांचं म्हणवणारं संगीत खऱ्या इतिहासाबद्दल, खऱ्या अन्यायाबद्दल काय बोलणार? प्रश्न योग्य आहे. पण मंक यांचं काम पाहिलं तर उत्तर समोर आहे. 1976 सालच्या ‘क्वारी’ या ऑपेरात एक आजारी अमेरिकन मूल अंथरुणात पडलेलं आहे आणि त्याच्याभोवती दुसरं महायुद्ध आकार घेत जातं. ते मूल स्वतः मंक साकारत. 1981 सालचा ‘एलिस आयलंड’ हा लघुपट अमेरिकेच्या दारात रोखलेल्या स्थलांतरितांचा आहे. तिथे माणसांची शरीरं मोजली जातात, त्यांच्यावर खुणा केल्या जातात. 1988 सालच्या ‘बुक ऑफ डेज’ या चित्रपटात चौदाव्या शतकातली एक ज्यू मुलगी आहे, गावात महामारी आहे आणि तिचा दोष ज्यूंच्या माथी मारला जातो आहे. हे देशकाळापलीकडचं नाही. ज्यू स्थलांतरितांच्या घरात जन्मलेल्या एका स्त्रीने आपल्या इतिहासाकडे टक लावून पाहिलेलं आहे. शब्द कमी वापरल्याने त्या इतिहासाची धार गेलेली नाही. मोजमाप करणारा हात आणि त्यासमोर उभा चेहरा यांना टिप्पणीची गरज नसते.

एक गोष्ट विरोधकांना मोकळेपणाने द्यायला हवी. नुसत्या तबकडीवरून मंक यांचा निवाडा करणाऱ्याला अर्धंच काम भेटतं. त्यांची कृती जागेसाठी आणि देहासाठी घडते. 1969 सालच्या ‘ज्यूस’मध्ये त्यांनी गुगेनहाइम म्युझियमच्या चढत्या वर्तुळाकार वाटेवर 85 कलावंत उभे केले, आणि आवाज वरून खाली प्रेक्षकांवर उतरू दिला. नंतरचा भाग त्यांनी लहान नाट्यगृहात केला आणि शेवटचा एका लॉफ्टमध्ये, जिथे आधीच्या भागांतल्या वस्तू प्रेक्षक अगदी जवळून पाहू शकत होते. भव्यतेकडून जवळिकीकडे जाणारा हा प्रवास ध्वनिमुद्रणात मावणार नाही. 2008 साली ‘साँग्ज ऑफ असेन्शन’ कॅलिफोर्नियात कलावंत ॲन हॅमिल्टन यांनी उभारलेल्या मनोऱ्यात झालं. आतल्या दुहेरी जिन्यांवरून गायक चढत-उतरत गात होते. ध्वनिमुद्रणात आवाज ऐकू येतो, चढण दिसत नाही. त्यामुळे काही रचनांमधली पुनरावृत्ती नुसती ऐकताना लांबलेली वाटली, तर ऐकणाऱ्याचा दोष नाही. पण यावरून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की आपल्याला ते काम पुरतं मिळालेलं नाही. काम अपुरं आहे असा तो निष्कर्ष नव्हे.

आणि ज्यांना या सगळ्यात बुद्धीची कसरत दिसते, हृदय दिसत नाही, त्यांनी ‘इम्पर्मनन्स’ ऐकावं. 2002 साली मंक यांच्या जोडीदार गेल्या. त्यानंतर लंडनमध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांसोबत काम करण्याचं निमंत्रण त्यांना आलं आणि त्या अनुभवातून ही कृती घडली. 2008 साली तिची तबकडी निघाली. इथे शोक आहे, पण शोकाचं प्रदर्शन नाही. आवाज पुढे येतात, थांबतात, श्वास उरतो, पुन्हा एखादा आवाज उचलतो. माणूस गेल्यावर घरात शब्द निरुपयोगी होतात हे ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना या संगीताची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

मॅकआर्थर शिष्यवृत्ती, अमेरिकेचं राष्ट्रीय कलापदक, 2025 साली व्हेनिसच्या संगीत बिएनालेने जीवनगौरव म्हणून दिलेला सुवर्णसिंह, हे सगळं मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे आणि त्याचा पुरावा म्हणून वापर करत नाही. पुरस्कारांनी रचना सिद्ध होत नाही. ती कानांनी सिद्ध होते, आणि माझं भांडण कानांशीच आहे. मंक आवडल्याच पाहिजेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. कुणाला तो बारीक, सरळ स्वर टोचेल, कुणाला पुनरावृत्ती सोसणार नाही. ही नावड पूर्णपणे रास्त आहे. पण नावड सांगताना ‘मला हे रुचलं नाही’ असं म्हणावं. ‘हे संगीतच नाही’ असा निवाडा द्यायचा, तर त्याआधी संगीत कशाला म्हणतो हे सांगावं लागेल, आणि ती व्याख्या तराण्याला, मुखोद्गत बंदिशीला आणि गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरलेल्या प्रत्येक स्वराला लावून दाखवावी लागेल.

आपल्या संगीत मंडळांनी, विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आवाजाच्या अभ्यासात हे काम घ्यावं, अशी माझी थेट मागणी आहे. गळ्याने विचार करता येतो, याचा दुसऱ्या मातीतला इतका समृद्ध पुरावा विद्यार्थ्यांपासून दूर ठेवण्याचं काहीही कारण नाही. ‘डॉल्मेन म्युझिक’ची 24 मिनिटं वर्गात दिवे न मालवता, वही समोर घेऊन ऐकवावीत; कुठे आकृती बदलली, कुठे आवाज वाढले, कुठे विसावा आला हे विद्यार्थ्यांना टिपायला सांगावं. ज्या वहीत ती टिपणं उतरतील, त्या वहीपुढे ‘यात रचना नाही’ हा आक्षेप उभा राहणार नाही.